सप्टेंबरचं पान

साल एकोणीसशे पंचाहत्तर. त्या वर्षी फेब्रुवारीची दोन तारीख रविवारी आली. रविवार होता म्हणून एवढी माणसं जमली. तीच तारीख बुधवारी आली असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं रुलीन ताम्मेंगा नंतर किती तरी वर्षं म्हणत असे. मग स्वतःच मान हलवून म्हणे, की नाही, त्या माणसाने दुसरा एखादा दिवस शोधला असता.

हेग शहराच्या कडेला, जिथे घरं संपून गवताळ सखल रानं सुरू होतात, तिथे ताम्मेंगांचं विटांचं घर होतं. रुलीनचा नवरा एव्हर्ट हवाईदलात लेफ्टनंट कर्नल होता, पण वैमानिक नव्हे, इंजिनवाला. त्याच्या नखांतलं तेल लग्नाच्या दिवशीसुद्धा निघालं नव्हतं. रुलीनने ते तिच्या पांढऱ्या हातमोज्यावर मिरवलं होतं आणि तो मोजा धुतला नव्हता.

त्या दिवसांत हॉलंड, बेल्जियम, डेन्मार्क आणि नॉर्वे या चार लहान देशांनी मिळून एकच लढाऊ विमान घ्यायचं ठरवलं होतं. जुनी विमानं म्हातारी झाली होती आणि पडत होती. चौघांनी मिळून घेतलं तर विकणारा ऐकेल, सुटे भाग बनवायचं काम चौघांच्या कारखान्यांना मिळेल, असा हिशेब. शेवटी दोन विमानं उरली. हॉलंडच्या समितीत त्यांची नावं घ्यायची नाहीत असा नियम होता. कागदावर एकाला निळं म्हणत आणि दुसऱ्याला हिरवं. निळं समुद्रापलीकडून येणार होतं. उद्या युद्ध पेटलं तर ज्यांच्या जिवावर राहायचं, त्यांचं ते विमान, त्यामुळे त्याला नाही म्हणायला सगळ्यांची जीभ जड होई. हिरवं शेजाऱ्यांचं. युरोपने आपलं आपण बनवावं, दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये, असं म्हणणारे त्याच्या मागे होते. वर्तमानपत्रांत रोज त्यावरून हाणामारी चाले. दुधवाल्याचंसुद्धा मत होतं.

एव्हर्ट त्याच समितीवर होता, पण त्याला मत नव्हतं. त्याला विमान दिसतच नसे, इंजिनाचं तोंड दिसे. निळं विमान चांगलं आहे, तो घरी म्हणे, हिरव्यापेक्षा चांगलंच आहे. पण दोन्हींना एकेकच इंजिन. आणि आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते एप्रिल लाखांनी रानहंस उतरतात. रडारला दिसू नये म्हणून वैमानिक झाडांच्या शेंड्यांवरून उडणार, आणि तीन किलोचा हंस त्या वेगाने एकुलत्या एका इंजिनात गेला तर काय होतं, ते कुणी करून पाहिलेलं नाही. लहान पक्षी घालून पाहिलेत, हंस नाही. एवढंच त्याने अकरा पानांत लिहिलं होतं. समितीच्या अहवालाची पुरवणी क्रमांक पाच. आधी चाचणी, मग सही. चाचणीला आठ महिने लागले असते. चार देशांनी ठरवलेली मुदत जूनमध्ये संपत होती.

रुलीनला ही पुरवणी पाठ होती, कारण तिचा धाकटा भाऊ सिब्रांड लेउवार्डनच्या तळावर वैमानिक होता. नवं विमान पहिल्यांदा ज्या तळावर येणार तोच हा तळ. आई गेली तेव्हा सिब्रांड चार वर्षांचा होता आणि रुलीन बावीसची. तिनेच त्याला वाढवला. तो तिला रुल म्हणे. एकदा चुकून आई म्हणाला तेव्हा तिने त्याला हळूच दुरुस्त केलं होतं, आणि नंतर आयुष्यभर त्याची चुटपुट बाळगली होती.

तर रविवार, दोन फेब्रुवारी. एव्हर्ट पन्नास वर्षांचा झाला. पन्नाशी गाठलेल्याने अब्राहमला पाहिलं असं तिकडे म्हणतात. म्हणून शेजाऱ्यांनी पहाटेच दारात पेंढ्याचा दाढीवाला अब्राहम आणून बसवला होता. त्याला एव्हर्टची जुनी हवाईदलाची टोपी घातली होती. पावसाने टोपी भिजून अब्राहमच्या डोळ्यांवर आली होती, त्यामुळे तो दारातून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत नसून ऐकत असल्यासारखा वाटे.

पाहुण्यांच्या खुर्च्या रीतीप्रमाणे गोलात मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण गोलभर फिरून प्रत्येकाशी हस्तांदोलन करी आणि ज्याचं जे नातं त्याचं अभिनंदन करी. नवऱ्याबद्दल अभिनंदन. शेजाऱ्याबद्दल अभिनंदन. भाच्याबद्दल अभिनंदन. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. एव्हर्टची वीप्के मावशी खिडकीजवळ बसून प्रत्येकाच्या तुकड्याची जाडी बघत होती. सिब्रांडला सुट्टी मिळाली नव्हती. त्याने तळावरून फोन केला आणि एव्हर्टला निरोप दिला, की पन्नाशीच्या माणसाने आता जिने चढताना शिट्टी वाजवायचं सोडून द्यावं, तेवढा श्वास शिल्लक ठेवावा. रुलीन फोनवर हसली. हसता हसता तिने विचारलं, आज उडालास का. तो म्हणाला, उडालो, आणि जेवलोसुद्धा, रुल, आता पुढचा प्रश्न विचार.

साडेतीनच्या सुमारास घंटा वाजली आणि दारात लाम्बर्ट क्विस्ट उभा होता.

हा माणूस समितीवर दुसऱ्या एका खात्यातून सल्लागार म्हणून आला होता. मुदत पाळणं आणि कारखान्यांच्या कामाचा वाटा हातचा जाऊ न देणं, हे त्याचं काम. उंच, करड्या कोटातला, हळू बोलणारा. हातात फ्रीझियाची फुलं. जवळूनच चाललो होतो, म्हणाला. तिकडे आगाऊ न कळवता कुणी कुणाच्या घरी जात नाही, पण वाढदिवसाला आलेल्याला परत कसं पाठवणार? एव्हर्टच्या कपाळावर एक शीर उभी राहिली आणि बसली. रुलीनने खुर्ची दिली. क्विस्टने गोलभर फिरून सगळ्यांचं अभिनंदन केलं, कुणाचंही नाव चुकलं नाही.

वीप्के मावशीने त्याला विचारलं, तुम्ही पण विमानवाले का? तो म्हणाला, मी फक्त कागदवाला.

"मग आमच्या एव्हर्टला जरा कमी कागद द्या," मावशी म्हणाली. "नाताळपासून त्याला झोप नाही. जेवताना हंस, झोपताना हंस. या घरात हंस भाजायचीसुद्धा सोय राहिली नाही."

सगळे हसले. क्विस्टही हसला, आणि त्याने केकचा शेवटचा घास व्यवस्थित संपवून विचारलं, हात धुवायची जागा कुठे आहे. रुलीनने बोळातलं दार दाखवलं. तो बराच वेळ आला नाही. आला तो रुमालाने बोटं पुसत. बसला नाही, निघायची वेळ झाली म्हणाला. दारात रुलीनने त्याचा कोट हातात दिला तेव्हा तो कोटात हात घालत म्हणाला,

"तुमचं अक्षर फार सुरेख आहे, ताम्मेंगाबाई."

ती आभार म्हणाली. दार लावल्यावर तिला वाटलं, यांनी माझं अक्षर कुठे पाहिलं?

पाहुणे गेले. ती बशा धुवत होती, मावशी पुसत होती. मावशी मध्येच बोळात गेली आणि आतूनच ओरडून म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे सप्टेंबर चालू आहे का?"

हॉलंडमध्ये घराघरातल्या संडासात दाराच्या आतल्या बाजूला वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर वार नसतात, नुसत्या तारखा. म्हणून ती वर्षानुवर्षं चालते. रोज बसल्या बसल्या समोर दिसते, कुणाचा दिवस विसरत नाही. ज्याचं नाव तिच्यावर चढलं तो आपला माणूस, त्याला दर वर्षी कार्ड जातं. नाव सहसा कुणी काढत नाही. ताम्मेंगांची जुनी दिनदर्शिका सतरा वर्षांची होऊन ओलीने फुगली होती. म्हणून रुलीनने डिसेंबरात फुलांच्या चित्रांची नवी आणली आणि एका दुपारी टाकाच्या पेनाने साठ-पासष्ट नावं जुनीवरून नवीवर उतरवली. वाचत नव्हती, उतरवत होती.

तिने ओल्या हातांनी जाऊन पाहिलं. फेब्रुवारीच्या पानावर असायला हवी होती ती दिनदर्शिका सप्टेंबरवर उघडी होती. एकोणीस तारखेसमोर तिच्याच सुरेख अक्षरात, कोऱ्या काळ्या शाईत लिहिलं होतं: कास्पर फान डर वील, १९२४.

कास्पर हा एव्हर्टचा जुना सोबती. एकोणीसशे बावन्न ते अठ्ठावन्न, लेउवार्डनला कास्पर विमान उडवी आणि एव्हर्ट त्याचं इंजिन जपे. त्यांच्या लग्नात कास्परने रुलीनच्या म्हाताऱ्या आजीला नाचवलं होतं. पुढे तो हवाईदल सोडून गेला, आणि दोन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी कळलं, की तो पॅरिसला असतो आणि हिरव्या विमानाच्या कंपनीसाठी गिऱ्हाइकं बघतो. एव्हर्टने तेव्हा खांदे उडवले होते. मागच्या वसंतात समितीवर नेमणूक झाली तेव्हा त्याने एक कागद सही करून दिला होता: दोन्हीपैकी कुठल्याही कंपनीच्या माणसाशी माझी ओळख, पत्रव्यवहार, देणंघेणं नाही. घरी येऊन त्याने त्याची थट्टाही केली, की आता पॅरिसहून चॉकलेट आलं तर तू खा, मी बघेन.

आणि सप्टेंबरात रुलीनने कास्परला कार्ड पाठवलं होतं. जसं दर वर्षी पाठवी तसं, जुन्या पत्त्यावर, तिथून ते त्याच्यामागे जाई. तिच्या मनात कंपनी आलीच नव्हती, कास्पर आला होता. खाली नेहमीप्रमाणे दोन नावं घातली होती, एव्हर्ट आणि रुलीन. एव्हर्टने आयुष्यात एकाही कार्डावर सही केली नव्हती. ती कामं घरातल्या बाईची.

तिने पान फेब्रुवारीवर आणलं आणि मावशीला सांगितलं, वाऱ्याने उलटलं असेल. मावशी म्हणाली, संडासात कसला गं वारा?

तिने तीन दिवस एव्हर्टला काही सांगितलं नाही. सकाळी घरामागच्या रानावरून हंसांचे थवे जात, एकामागून एक, गंजलेल्या फाटकांसारखे आवाज करत, आणि तिला ते नेहमी आवडत. त्या आठवड्यात तिने खिडकी बंद ठेवली.

गुरुवारी एव्हर्ट आला तो कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला. क्विस्टने त्याला कॉफीला बोलावलं होतं, म्हणाला. गप्पा मारल्या, वाढदिवस छान झाला म्हणाला, केकबद्दल बोलला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, फान डर वील यांच्याशी तुमचा शेवटचा संबंध कधी आला? एव्हर्टने सांगितलं, एकोणसत्तर साली, आमच्या जुन्या कमांडरला मूठमाती दिली तेव्हा स्मशानात भेटलो होतो. त्यानंतर काही नाही? काही नाही. शेजारी टिपणं घेणारी मुलगी बसली होती. क्विस्ट नुसतं 'बरं' म्हणाला.

"हे नाव त्याने कुठून काढलं तेच मला कळत नाही," एव्हर्ट म्हणाला.

रुलीनने बटाटे सोलायची सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. दिनदर्शिका, सप्टेंबरचं पान, दर वर्षीची कार्डं. तो ऐकत राहिला.

"माझंही नाव घालायचीस?"

"दोघांचं. नेहमीसारखं."

त्याने कोटाची बटणं एकेक करून सोडली. "म्हणजे आज मी खोटं बोललो," तो म्हणाला. तिच्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने चांगला निळा कोट घातला आणि ट्रामने क्विस्टच्या कचेरीत गेली. वेळ घेतलेली नव्हती, तरी त्याने लगेच आत बोलावलं. कॉफी आली. त्याने टेबलावरचा बिस्किटांचा डबा उघडून पुढे केला, तिने एक उचललं, त्याने झाकण लावलं.

ट्राममध्ये जुळवलेलं सगळं ती एका दमात बोलली. कार्ड मी पाठवलं. नावं मी घातली. नवऱ्याला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तर माझ्या दात काढणाऱ्या डॉक्टरांचाही वाढदिवस लिहिलेला आहे, आणि त्यांनी माझा चांगला दात काढला होता.

क्विस्टने शांतपणे ऐकून घेतलं. "मी तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो, बाई," तो म्हणाला. "अडचण अशी, की मी ठेवून उपयोग नाही. उद्या संसदेत कुणी विचारलं, की निळ्या विमानात एकट्यानेच खोट काढणाऱ्या माणसाच्या घरात हिरव्या विमानाच्या दलालाचं नाव ताज्या शाईने का लिहिलंय, तर मी दातांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगू?"

ती म्हणाली, खोट खरी असली तर? मग ती कुणी काढली त्याने काय फरक पडतो?

"चार देश गोल करून बसलेत, ताम्मेंगाबाई. परवा तुमच्याकडे बसलो होतो तसे. एक जण मध्येच उठला, की बाकीचे घड्याळात बघायला लागतात. मग गोल मोडतो. समुद्रापलीकडे मोठा यजमान बसलाय, तो हे सगळं बघतोय. उद्या पूर्वेकडून रणगाडे आले तर तो यायला हवा. हंसांचं आपण नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, तिने विचारलं. त्याने डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. आणि तिथे तिची जीभ घसरली. तिने इतका वेळ जे आवरून धरलं होतं ते बाहेर पडलं.

"माझा भाऊ ते विमान उडवणार आहे. लेउवार्डनला आहे तो. तुमचं नंतर येईपर्यंत त्याने काय करायचं?"

क्विस्टचा चेहरा बदलला नाही. त्याने खिशातून एक लहान वही काढली, पेनाचं टोपण फिरवून काढलं.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आडनाव काय म्हणालात?"

ती आडनाव म्हणालीच नव्हती. पण त्या क्षणी तिला ते सुचलं नाही. सरकारी माणसाने नाव विचारलं की सांगायचं, असं तिच्या हाडात होतं. तिने सांगितलं, दैकेमा, सिब्रांड दैकेमा. त्याने अक्षरं बरोबर आहेत ना हे तिला वहीतून दाखवलं, मग वही मिटली, आणि तिला दारापर्यंत पोचवायला आला.

ट्रामच्या थांब्यावर उभी असताना तिच्या लक्षात आलं, की ती नवऱ्याला सोडवायला आली होती आणि त्याच्याभोवती दुसरा दोर टाकून चालली आहे. तिच्यापुढून दोन ट्रामा गेल्या.

सोमवारी समितीच्या अध्यक्षांनी एव्हर्टला बोलावलं. क्विस्टही होता. कुणी धमकी दिली नाही. सगळे एकमेकांना आधी बोलू देत होते. दोन वाटा आहेत, ते म्हणाले. पुरवणी पाच अहवालात ठेवायची तर तिच्यासोबत एक टीप जोडावी लागेल, की लेखकाचा हिरव्या कंपनीच्या माणसाशी पत्रव्यवहार आहे, तो त्याने लेखी नाकारला होता, आणि त्याचा मेहुणा संबंधित तळावर वैमानिक आहे. टीप जोडली की ती वर्तमानपत्रात जाणारच. मग अकरा पानं कुणी वाचणार नाही, टीप सगळे वाचतील. किंवा पुरवणी तांत्रिक दुरुस्तीसाठी लेखकाने स्वतःच मागे घ्यावी. मग कुणाला काही विचारायचं कारण उरत नाही.

एव्हर्टने विचारलं, दुरुस्तीनंतर ती परत कधी घेणार? अध्यक्ष खिडकीबाहेर बघत म्हणाले, अर्थातच योग्य वेळी.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा रुलीनने त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखलं. ती क्विस्टच्या कचेरीत गेली होती, त्याबद्दल त्याने एकदाच बोलून घेतलं.

"मेहुणा उडवतो म्हणून याला पक्ष्यांची भीती वाटते, असं लिहिणार होते," तो म्हणाला. "आणि रुलीन, ते तरी कुठे खोटं आहे?"

"सही केलीस?"

"केली."

मग त्याने तिच्याकडून एक वचन घेतलं. सिब्रांडला यातलं काही सांगायचं नाही. एक तर कागद गुप्त आहे. आणि दुसरं, इंजिनाच्या तोंडाचा विचार करत उडणारा वैमानिक हंसाआधी दुसऱ्याच कशाने मरतो. तिने वचन दिलं. त्या रात्री दोघं जेवली, वाटाण्याचं सूप होतं, आणि बातम्यांत सांगितलं, की चारही देशांच्या समित्यांत आता कसलाही मतभेद राहिलेला नाही.

जूनमध्ये सह्या झाल्या. चार मंत्री हसत एका ओळीत उभे असलेलं छायाचित्र सगळीकडे छापून आलं. विमानं यायला आणखी चार वर्षं गेली. सिब्रांडला पहिल्या तुकडीत जागा मिळाली. त्याने विमानाच्या पंखाखाली उभं राहून काढलेला फोटो बहिणीला पाठवला आणि मागे लिहिलं: रुल, इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही, तुला धरून. तिने तो फोटो भिंतीवर लावला, कारण न लावणं विचित्र दिसलं असतं. दर ऑक्टोबरपासून ती त्याला दिवसाआड फोन करून हवामान विचारू लागली. म्हातारी होत चाललीस, तो म्हणे, हेगहून लेउवार्डनचं हवामान काय करायचंय तुला? ती म्हणे, वाळत घातलेल्या कपड्यांचा अंदाज घेते.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात, सकाळी दहा वाजता, उत्तरेच्या उथळ समुद्रावर सिब्रांडच्या विमानात हंस गेला. एकच की अनेक, ते ठरवता आलं नाही. इंजिन बंद पडलं. विमान पाण्यापासून शंभर मीटरवर होतं. तो खुर्चीसकट बाहेर फेकला गेला, भरतीच्या गाळात पडला, आणि कोळंबी पकडणाऱ्या एका होडीने त्याला उचललं. पाठीचे दोन मणके मोडले होते.

रुलीन इस्पितळात गेली. तो शुद्धीवर आल्यावर, पाचव्या दिवशी, तिने त्याला सगळं सांगितलं: पुरवणी, दिनदर्शिका, कार्ड, वही, वचन. ज्याला वचन दिलं तो एव्हर्ट तेव्हा या जगात नव्हता. सिब्रांड छताकडे बघत होता. त्याला मान वळवता येत नव्हती.

"सात वर्षं," तो म्हणाला. "सात वर्षं तुला माहीत होतं, आणि तू मला हवामान विचारत होतीस."

"हो."

"आता जा, रुल."

ती गेली.

यातल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते सांगते. लाम्बर्ट क्विस्ट चढत गेला. ब्रसेल्सला पाश्चात्त्य देशांच्या लष्करी युतीच्या मुख्य कचेरीत मोठ्या पदावर गेला, निवृत्तीनंतर गुलाब लावले, आणि आयुष्यात कधी कुणाला खोटं बोलला नाही. तशी वेळच त्याच्यावर आली नाही. कास्परचं हिरवं विमान हरलं तशी त्याची नोकरीही गेली. तो लेउवार्डनच्या मुलखात, फ्रीसलंडला परत येऊन तळ्यावर शिडाच्या होड्या भाड्याने देऊ लागला. आपल्या नावावरून काय घडलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. रुलीनला त्याची कार्डं येत राहिली. ती उत्तर देत नसे.

एव्हर्टला समितीनंतर हवाई छत्र्यांच्या कोठारावर नेमलं. तो तिथे वेळेवर जाई, वेळेवर येई. एकोणऐंशीच्या मार्चमध्ये, पहिलं विमान उतरायच्या तीन महिने आधी, जिन्यात त्याचं हृदय बंद पडलं. चोपन्न वर्षांचा होता. अपघातानंतर चौकशी झाली तेव्हा पुरवणी पाच कोठल्याशा कपाटातून निघाली. हंसांची चाचणी झाली. अहवालाला नवं वेष्टन आणि नवा क्रमांक मिळाला, पण आतली अकरा पानं तीच, फक्त लेखकाचं नाव नव्हतं.

सिब्रांड वर्षभराने काठी घेऊन उभा राहिला. पुन्हा उडाला नाही. तळावरच त्याने पक्ष्यांवर नजर ठेवणारं रडार सांभाळायचं काम मागून घेतलं आणि वीस वर्षं तो पडद्यासमोर बसून हंसांचे थवे मोजत राहिला. थवा आला की आज उड्डाण नाही, असं तो सांगे. तरुण वैमानिक त्याला मागे शिव्या घालत आणि समोर साहेब म्हणत. त्याच्या पाळीत एकाही विमानात हंस गेला नाही. बहिणीशी तो अडीच वर्षं बोलला नाही. मग एका रविवारी न कळवता दारात येऊन उभा राहिला, केक आहे का म्हणाला, आणि दोन तुकडे खाऊन गेला. त्या जुन्या गोष्टीबद्दल दोघं पुन्हा कधीच बोलली नाहीत.

रुलीन शहाऐंशी वर्षांची होऊन दोन हजार अठरा साली गेली. शेवटची वर्षं ती उत्तरेला, समुद्राच्या बांधाजवळच्या वृद्धांच्या घरात होती. हिवाळ्यात तिथल्या बाया हंस बघायला काचेच्या खोलीत जमत, आणि तिलाही खुर्चीतून नेऊ बघत. ती म्हणे, तुम्ही जा, मी इथे बरी आहे. आणि खुर्ची भिंतीकडे वळवून घेई.